उभ्या धानातला जवस

उतेऱ्याच्या जवसाला नांगर लागत नाही, तिफण लागत नाही. धान कापायच्या आधी, तो उभा असतानाच त्याच्या बुडाशी बी फेकायचे आणि पावसाळ्याने मागे ठेवलेल्या ओलीवर ते पिकवून घ्यायचे, एवढेच. काम थोडे आहे, म्हणून सोपे आहे असे मात्र नाही. ओल कुठवर पुरेल हे ज्याला कळते त्याला पीक येते. बाकीच्यांचे बी जाते.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या आसपास डोंगर आणि जंगल यांच्यामधल्या खोलगट पट्ट्यांत धानाच्या बांध्या आहेत. इथून पुढे बोगदा ओलांडला की रेल्वे छत्तीसगडात डोंगरगडकडे जाते. सीमेच्या दोन्ही बाजूंना लाखोळी आणि जवस धानातच फेकण्याची जुनी रीत आहे. १८८० नंतर ही रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली, त्या काळात मध्य प्रांतातला गहू आणि जवस मुंबई बंदरातून युरोपात जात असे. रंग, वार्निश, छपाईची शाई या सगळ्यांना जवसाचे तेल लागायचे. आता तेवढी मागणी राहिली नाही. जवसाला केंद्र सरकारचा हमीभावही नाही. रब्बीच्या हमीभावाच्या यादीत करडई आणि मोहरी आहेत, जवस नाही. तरीही ज्या बांधीला उन्हाळी धानाचे पाणी नाही, ती चार महिने रिकामी ठेवण्यापेक्षा पंधरा किलो बी फेकणे केव्हाही बरे, असे माझे मत आहे. खर्च बियाण्याचा आणि राखणीचा.

बांधी निवडताना

सगळ्या बांध्यांत जवस फेकू नका. कन्हार जमीन सगळ्यात चांगली, मोरांड चालते. सिहार आणि बरडी धान कापून होताच भेगाळते किंवा कोरडी पडते, तिथे बी उगवते आणि दिवाळीनंतर सुकून जाते. उताराच्या वरच्या बांध्या सोडा. तळाशी, नाल्याला लागून असलेली बांधीही सोडा, कारण तिथे नोव्हेंबरपर्यंत पाणी निथळत नाही आणि जवसाला उभे पाणी अजिबात सहन होत नाही. मुळे कुजतात, मर लागते. मधल्या बांध्या हेरायच्या.

शेजारी कोण काय घेतो तेही आधी विचारून घ्या. वरच्या बांधीत कुणी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावर उन्हाळी धान लावणार असेल, तर त्याचे पाझरपाणी तुमच्या जवसात येईल. आणि तुमच्याभोवती सगळे शेत मोकळे राहणार असेल, तर मोकाट गुरांपुढे तुमचा एकट्याचा हिरवा तुकडा टिकणार नाही. चार-पाच शेतकऱ्यांनी लागून असलेल्या बांध्यांत एकदम उतेरा केला तर राखण वाटून घेता येते. हे ऑगस्टमध्येच ठरवायचे असते, ऑक्टोबरमध्ये नाही.

धान कोणता लावला आहे यावरही बरेच अवलंबून असते. एमटीयू १०१० सारखा सव्वाशे दिवसांच्या आत येणारा धान उतेऱ्याला सोयीचा. एचएमटी किंवा त्याच मुदतीचे धानही चालतात, फक्त पेरणी आठवडाभर पुढे जाते. सुवर्णासारखा पाच महिन्यांच्या घरातला धान असेल तर मी जवसाच्या भानगडीत पडणार नाही. तोवर वरची माती आवळून येते, आणि उशिराच्या जवसावर गादमाशी तुटून पडते, त्याविषयी पुढे.

बी

घरचे बी असेल तर आधी चाळून घ्या. जवसात अमरवेलीचे बी मिसळलेले असते आणि ती एकदा बांधीत शिरली की वर्षानुवर्षे निघत नाही. अमरवेलीचा दाणा गोल आणि बारीक, जवसाचा चपटा आणि त्याच्या तिपटीएवढा लांब. बारीक छिद्रांच्या चाळणीतून अमरवेल खाली पडते, जवस वर राहतो. खाली पडलेले बी उकिरड्यात टाकू नका, चुलीत घाला. उकिरड्यातून ते शेणखताबरोबर पुन्हा शेतातच येते.

उगवण तपासायला शंभर दाणे मोजून ओल्या सुती कापडात पसरा आणि गुंडाळून ठेवा. कापड ओलसर हवे, टपटपते नको. पाचव्या-सहाव्या दिवशी ऐंशीच्या वर कोंब दिसले तर बी चांगले. सत्तर असेल तर बी थोडे वाढवा, त्याच्या खाली असेल तर दुसरे आणा.

विकत घ्यायचे असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे वाण आपल्याकडच्या हवेला जुळतात. त्यांचे जवसाचे काम नागपूरच्या कृषी महाविद्यालयात चालते. एनएल ९७ आणि पीकेव्ही एनएल २६० ही नावे तिथलीच. पलीकडे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचा इंदिरा अलसी ३२ हा वाणही आहे. यातला कोणता तुमच्या बांधीला चालेल आणि यंदा बी कुठे मिळेल, हे हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या.

किती बी? तिफणीने ओळीत पेरला तर एकरी १० किलो पुरतो. उतेऱ्यात १४ ते १६ किलो घ्या. काही दाणे धानाच्या पानांत अडकतात, काही मुंग्या नेतात, काही पायाखाली जातात. हिशेब असा की एका चौरस फुटात साधारण पन्नास दाणे पडतात आणि त्यातली वीस-पंचवीस रोपे जगली तरी बांधी भरलेली दिसते.

बीजप्रक्रिया कोरडीच करायची. जवसाला पाणी लागले की दाण्याभोवती चिकट बुळबुळीत थर सुटतो आणि दहा मिनिटांत सगळ्या बियाण्याचा गोळा होतो. म्हणून हरभऱ्यासारखे गुळाच्या पाण्यात कल्चर कालवून चोळू नका, भिजतही घालू नका. किलोमागे ३ ग्रॅम थायरम किंवा ४ ग्रॅम ट्रायकोडर्माची भुकटी, कोरड्या डब्यात घालून डबा हलवायचा. दोन्हींतले एकच, कारण थायरम ट्रायकोडर्मालाही मारते. भुकटी लावलेले बी उरले तर ते खाण्याच्या जवसात परत ओतू नका.

हा चिकट थर पुढे आपल्या कामाचा आहे. चिखलावर पडलेला दाणा त्याच थराने मातीला चिकटून बसतो आणि ओल धरून ठेवतो. न पुरता, न झाकता जवस उगवतो तो त्यामुळे.

दिवस कसा धरायचा

सगळ्या कृतीतला खरा भाग हाच आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

धानाचा दाणा चिकात असतो, मग आत घट्ट पिठूळ होतो, मग कडक. घट्ट झाला पण अजून कडक झाला नाही, कापणीला आठ ते पंधरा दिवस आहेत, ही जवस फेकायची वेळ. आपल्याकडे लवकरच्या धानात ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून येते, मध्यम धानात ऑक्टोबरच्या मध्याला. पाऊसही त्याच सुमारास विदर्भातून परततो. वीस दिवसांहून जास्त आधी फेकले तर रोप धानाच्या सावलीत उंच, पांढुरके, लेचेपेचे वाढते आणि कापणीनंतर एकदम ऊन लागले की आडवे होते. कापणीला तीनच दिवस उरले असताना फेकले तर कापणाऱ्यांच्या पायाखाली कोंब तुडवला जातो.

दिनदर्शिकेपेक्षा मात्र माती पाहा. धुऱ्याला तोंड पाडून बांधीतले पाणी आधी काढून द्या. कन्हारीत हे चार-पाच दिवस अगोदर करावे लागते. मग रोज सकाळी बांधीच्या मधोमध जाऊन उभे राहा, कडेला नाही, कारण कडेची माती लवकर वाळते आणि फसवते. पाऊल घोट्यापर्यंत रुतले तर अजून वेळ आहे. पावलाचा ठसा स्वच्छ उमटला आणि त्यात पाणी जमले नाही, की तोच दिवस. ठसाच उमटला नाही, नुसती बोटे दिसली, तर दिवस निघून गेला. हा मधला काळ मोरांडीत दोन-तीन दिवस राहतो, कन्हारीत चार-पाच. त्या दिवसांत घरी लग्न असले तरी बी फेकून मगच वऱ्हाडात जा.

बी फेकल्यावर जोराचा पाऊस आला आणि पाणी साचले तर लगेच तोंड पाडून काढून द्या. एक रात्र चालते, दोन दिवस पाण्याखाली राहिले तर दाणा कुजतो. पाऊसच लवकर थांबला असेल आणि माती आवळत चालली असेल, तर बोडीचे किंवा नाल्याचे पाणी असल्यास बांधी एकदा नुसती ओलवून घ्या आणि ठशाची परीक्षा पुन्हा सुरू करा.

फेक

दहिवर उतरल्यावर, म्हणजे दहा-अकराच्या पुढे फेका. सकाळी पाने ओली असतात आणि जो जवस ओल्या पानाला चिकटतो तो खाली पडतच नाही. बियाण्यात तेवढीच कोरडी बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळा, नाहीतर गुळगुळीत दाणा मुठीतून एकदम निसटतो आणि एका जागी गठ्ठा पडतो. निम्मे बी बांधीच्या लांबीने फेका, उरलेले रुंदीने. धानातून चालताना पाय घासत न्या, ओंब्या मोडणार नाहीत. फेकणारा एकच माणूस असावा. दोघांच्या मुठी सारख्या नसतात आणि ते महिन्याभराने बांधीत दिसते. फेकून झाल्यावर काठीने किंवा दोरी ओढून धान हलकासा झटकला की अडकलेले बी खाली येते.

धान लोळलेला असेल त्या जागी बी वाया घालवू नका. तिथे प्रकाशही पोहोचत नाही आणि बी मातीपर्यंतही जात नाही.

युरिया द्यायचा तर हेक्टरी २० किलो नत्र, म्हणजे एकरी साधारण १७-१८ किलो युरिया. तो बियाण्यात मिसळू नका. युरिया हवेतली ओल ओढतो, मग जवस त्यालाच चिकटतो. बी फेकण्याच्या आदल्या दिवशी, पाने कोरडी असताना, वेगळा फेका. धानाला जास्त खत दिले असेल आणि पाने अजून गर्द हिरवी असतील तर हाही खर्च वाचवा.

धान कापताना

उगवण पाच ते आठ दिवसांत होते. कापणीच्या वेळी रोप बोटाच्या पेराएवढे असते, दोन पानांवरून चार पानांवर आलेले. धान विळ्यानेच कापा, आणि जमिनीलगत नको, वीतभर धसकटे ठेवा. धसकटांमुळे मातीवर सावली राहते, वारा अडतो, ओल चार दिवस जास्त टिकते. कापणारे जमिनीला टेकून कापतात, कारण तणस जास्त मिळते. त्यांना आधीच सांगून ठेवा, मागाहून सांगून उपयोग नाही.

हार्वेस्टर उतेऱ्याच्या बांधीत घालू नये. त्याच्या चाकाखालचे रोप तर जातेच, पण दाबलेल्या मातीच्या पट्ट्यात पुढे मूळही उतरत नाही. मागे पडलेल्या तणसाच्या ओळीखाली जवस पिवळा पडतो, तो वेगळा.

कापलेल्या धानाचे कडपे बांधीतच वाळत ठेवायची पद्धत आहे. जवस असेल तिथे ते दोन-तीन दिवसांत उचलून धुऱ्यावर किंवा खळ्यावर न्या. भारे एकाच वाटेने काढा. वाटेवरचा जवस गेला असे समजून चला.

राखण

भाऊबीज झाली की गावोगाव मंडई सुरू होते, रात्री दंडार रंगते, आणि दिवसा गुरे मोकळी सुटतात. धान घरी आला म्हणजे शेत सगळ्यांचे, असा जुना समज आहे. उतेऱ्याची रीत मोडत चालली आहे ती मुख्यतः त्यामुळे, असे मला वाटते. पाणी आणि बाजार ही कारणे नंतरची. छत्तीसगडात गावाने मिळून गुरे अडवायची रोका-छेकाची परंपरा आहे, तिथल्या सरकारने २०२० मध्ये ती मोहीम म्हणून पुढेही आणली. आपल्याकडे ग्रामसभेत किंवा साध्या बैठकीत गुराख्याला उतेऱ्याच्या बांध्या दाखवून देणे, एवढे तरी होऊ शकते. जवसाचे एक बरे आहे. लाखोळी आणि हरभरा गुरे आणि चितळ आधी खातात, जवसाकडे नंतर वळतात. पण कोवळा जवस गुरांनी पोटभर खाल्ला तर तो त्यांनाही बाधतो. त्यात विष तयार करणारा अंश असतो. राखण दोघांच्याही भल्याची.

एक काटेरी कुंपण, बोर-बाभळीच्या फांद्यांचे, वाटेच्या बाजूने तरी घाला.

निंदण आणि अमरवेल

उतेऱ्यात निंदण फारसे जमत नाही, धसकटांतून विळा फिरत नाही. उंच वाढलेले तण हाताने उपटा, तेवढे पुरे. अमरवेल मात्र दिसली की त्याच दिवशी काढा. पिवळी दोरी चार-सहा झाडांना गुंडाळलेली दिसेल. ती सोडवत बसू नका, त्या झाडांसकट उपटा, बांधीबाहेर नेऊन वाळवा आणि जाळा. तुटलेला तुकडा दुसऱ्या झाडावर पडला तरी पुन्हा रुजतो. हे तिला फुले यायच्या आत झाले पाहिजे.

फुले आणि गादमाशी

डिसेंबरच्या मध्यापासून बांधी निळी होते. फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, म्हणून बारानंतर शेतात आलेल्या पाहुण्याला काही दिसत नाही. पाकळ्या गळल्या म्हणून घाबरून फवारणी करणारेही मी ऐकले आहेत. तसे करू नका.

खरा शत्रू कळीत असतो. गादमाशी ही डासाहून लहान, नारिंगी रंगाची माशी. ती कळीत अंडी घालते, अळ्या आतले कोवळे भाग खातात आणि ती कळी उमलतच नाही, तिचे बोंडही होत नाही. सकाळी नऊच्या सुमारास, फुले उघडी असताना, बंद राहिलेल्या फुगीर कळ्या नखाने फोडून पाहा. आत फिकट गुलाबी-पिवळ्या अळ्या दिसल्या तर माशी आली आहे. तेव्हा फार काही हातात उरत नाही. कळ्या धरू लागताच ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारणे, एवढे घरच्या घरी करता येते. सकाळी नको, मधमाश्या असतात. मुख्य उपाय तोच, वेळेवर फेक. लवकर फुललेल्या जवसाच्या कळ्या माशीची संख्या वाढायच्या आत बोंडे झालेल्या असतात.

बोडीत पाणी असेल आणि एकच पाणी देता येत असेल, तर ते कळ्या धरताना द्या, हलके, बांधी भरून नाही. दाणे भरताना दिलेल्या जड पाण्याने पीक लोळते. जानेवारीत ढगाळ हवा राहिली तर पानांवर भुरी येते. पाण्यात मिसळणारे गंधक दहा लिटरला २५ ग्रॅम पुरते. खालच्या पानांपर्यंतच असेल तर नुसते पाहत राहा.

काढणी

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते, गोंड समाजाची माणसे दूरदूरच्या राज्यांतून दरेकसाला उतरतात, आणि साधारण त्याच दिवसांत जवसाची बोंडे तपकिरी होत असतात. घरचे सगळे यात्रेत असले तरी राखणीला एक माणूस ठेवा. पिकलेला जवस रात्रीतून जातो.

पाने गळून गेली, बोंडे तपकिरी झाली, आणि झाड कानाशी हलवले तर आत दाणे खुळखुळू लागले, की कापा. दहिवर असताना, सकाळी लवकर. दुपारी बोंडे तडकतात. छोट्या पेंढ्या बांधून खळ्यावर चार-पाच दिवस उभ्या वाळवा, मग काठीने बडवा. उपणताना वारा हलका हवा, दाणा चपटा असल्यामुळे जोराच्या वाऱ्यात भुशाबरोबर उडतो. काडी गुरे खात नाहीत. ती कुंपणाला, जळणाला.

उतेऱ्यात हेक्टरी तीन ते पाच क्विंटल आले तर चांगले आले म्हणायचे, म्हणजे एकरी दीड-दोन क्विंटलच्या आत-बाहेर. ओलिताच्या जवसाशी त्याची तुलना करू नका, त्याला मशागत, खत आणि दोन पाणी लागलेले असते.

विकण्याआधी

बाजारात भाव पडलेला असेल तर थोडे घाणीवर न्या. क्विंटलला तीसच्या आसपास किलो तेल निघते, आणि पेंड दुभत्या गाई-म्हशींना उत्तम. तेल एकदम काढून ठेवू नका, हवेने ते लवकर खवट होते आणि घट्ट होत जाते. ज्या गुणामुळे ते रंगात वापरतात तोच गुण स्वयंपाकघरात नडतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. उन्हात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. चटणीसाठी जवस तडतडेपर्यंत भाजून घ्यायचा, कच्चा कुटायचा नाही.

पुढच्या वर्षाचे बी मात्र विक्रीच्या ढिगातून उचलू नका. काढणीच्या आधीच बांधीतला एक तुकडा निवडा, अमरवेल नसलेला, बोंडांनी भरलेला, एकसारखा पिकलेला. तो वेगळा कापा, वेगळा बडवा, तीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि थंड झाल्यावर कापडी पिशवीत भरून तांदळाच्या कोठीपासून दूर, फळीवर ठेवा. श्रावणात दमट हवेने दाणे एकमेकांना चिकटायला लागले असतील तर एखादी उघडीप पाहून पुन्हा दोन तास ऊन दाखवा, आणि धान पोटरीत आला की शंभर दाण्यांची परीक्षा घ्या.